‘रिंगाण’ आणि आमच्या घरातल्या लाडक्या जोड्या: सहाएक महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ घेऊन आता सहाएक महिने झाले असतील. वाचून झाल्या झाल्या लिहिणार होते पण म्हणलं थांबूया, कारण 2023 चा साहित्य अकादमी मिळालेली कादंबरी म्हणल्यावर पहिल्या आठवड्यात कुणीही भारीच म्हणतं, डोक्यात काय राहिलं ते नंतर कळतं. आणि दुसरं म्हणजे त्याच दिवसांत मी आणि माझी चुलत बहीण रात्री जेवणं उरकली की जुन्या मराठी सिरियल परत पहिल्यापासनं बघत होतो, त्यात कोणती जोडी बेस्ट यावरनं रोजचा वाद, त्यामुळं पुस्तक आणि सिरियल माझ्या डोक्यात एकत्रच शिजलंय. ज्यांना नुसती कादंबरी पाहिजे त्यांनी मधलं सोडून वाचा, मला राग नाही.

गोष्ट म्हणाल तर एवढीशी आहे. धरणापायी गाव उठलं, माणसं दुसरीकडं वसवली आणि म्हैस मागं राहिली. मागं राहून ती आता रानटी झालीय. तिला आणायला देवाप्पा परत त्या ओसाड मुलखात जातो. बास. आता एवढ्यावर आख्खी कादंबरी कशी काय चालवली असं मलापण आधी वाटलं होतं. लेखक पन्हाळ्याकडचे, बोली आपल्या सांगलीवाल्यांना काय परकी नाही, तरीसुद्धा सुरुवातीला माझी गाडी लय हळू चालली, दोन पानं झाली की मोबाईल हातात. मग एक दिवस घरात कुणी नव्हतं तेव्हा मोठ्यानं वाचायला घेतली आणि तिथनं सुटली. ज्यांना अवघड जातीय त्यांनी हे करून बघा, ही भाषा तोंडात घ्यायची आहे, नुसत्या डोळ्यांनी वाचून तिची चव कळत नाही.

माझं जास्त अडकायचं कारण वेगळं आहे. माझी आत्या शिराळ्याच्या वरच्या अंगाला दिलेली. वारणेवर चांदोली धरण झालं त्यात तिचं सासर गेलं आणि मग यांना खाली सपाटीला जमीन मिळाली. आम्ही लहानपणापासनं ऐकत आलोय की घर कसं उतरवलं, वासे कसे ट्रकात भरले, पण म्हशीचं तिनं कधी सांगितलं नव्हतं. ह्या कादंबरीतली दहाबारा पानं मी तिला वाचून दाखवली तेव्हा मधेच थांबवून म्हणाली, “आमची म्हस तर बरोबर आणल्याली, तरी पान्हा सोडंना गं.” नव्या गोठ्यात रेडकू पाजवून बघितलं, आंबोण पुढं ठेवलं, थापटलं, गोंजारलं, काय उपयोग नाही. शेवटी आत्याच्या सासूनं आपलं जुनं नेसूचं लुगडं तिच्या पाठीवर टाकलं तेव्हा कुठं धार काढू दिली. हे ऐकल्यावर मला देवाप्पा येडा वाटायचा बंद झाला. सरकारदरबारी घराचा, जमिनीचा, झाडाचा हिशेब लागतो, पण ह्या असल्या गोष्टीला कुठल्या रकान्यात लिहिणार.

आता जोड्या. बहिणीचं एक नंबर ‘लागिरं झालं जी’, म्हणजे अजिंक्य आणि शीतल, आपल्या भाषेत आज्या-शीतली. 2017 ला लागली तेव्हा सातारा-सांगलीत संध्याकाळी रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं हे आठवत असेलच. नितीश चव्हाण आणि शिवानी बावकर दोघंपण मस्तच. आता परत बघताना मला त्यांची सुरुवातीची भांडणं गोड वाटली पण लक्षात राहिली नाहीत. लक्षात राहिलं ते आज्याचं फौजेचं वेड आणि त्याच्या मागं राहणारी शीतल. साताऱ्याकडं अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, जिथं पिढ्यानपिढ्या घराघरातनं पोरं फौजेत जातात, तिथल्या बायकांना ही जोडी काय ते समजावून सांगायला लागत नाही. दोघं एका फ्रेममध्ये नसताना जी जोडी चालते ती खरी. बहीण म्हणते तू मुद्दाम रडकं शोधतीस. असेल.

‘तुझ्यात जीव रंगला’ मधली राणा-पाठकबाई ही माझ्या आईची जोडी. पैलवान गडी, आखाड्यात वाघ, आणि बाई समोर आल्या की मान खाली. हार्दिक जोशीचं ते “चालतंय की” आमच्या घरात अजून भाजीला मीठ कमी पडलं तरी वापरतात. पुढं 2022 ला हार्दिक आणि अक्षया देवधरनं खरंच लग्न केलं तेव्हा आईला घरचंच कार्य असल्यासारखं झालं होतं. पण सिरियल 2016 ते 2021 एवढी ओढली की जोडी बिचारी कारस्थानांच्या गर्दीत दिसेनाशी झाली. ती कारस्थानं करणाऱ्या वहिनीसाहेब मात्र पूर्ण पैसे वसूल, हे आईच्या माघारी लिहितीय.

माझी स्वतःची शिप, म्हणजे मनातली लाडकी जोडी, विचाराल तर ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ मधले घना-राधा, 2012 चे. त्याला अमेरिकेला जायचंय, तिला लग्नच नकोय, म्हणून घरच्यांचं समाधान करायला आधीच ठरवून लग्न करतात. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे नुसते एकमेकांची टर उडवतात त्यातच सगळं येतं. आणि मुख्य म्हणजे वर्षाच्या आत संपवली. गोष्ट संपली की दुकान बंद, हे आपल्या चॅनेलवाल्यांना परत कधी जमलंय का सांगा. ‘अप्पी आमची कलेक्टर’ मधले अप्पी-अर्जुन पण आवडायचे, अप्पी अभ्यास करत होती तोवर तर फारच, पण मग लीप आला, म्हणजे गोष्ट एकदम काही वर्षं पुढं गेली, आणि माझा इंटरेस्ट गेला.

एवढं सगळं बघून झाल्यावर मला वाटायला लागलं की माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त टिकलेली जोडी सिरियलमधली नाहीच, देवाप्पा आणि ती म्हैस आहे. हसू नका. बहीण हसली होती. सिरियलमध्ये दोघांपैकी एकाला दुसरा हवा असतो आणि दुसऱ्याला ते कळत नसतं, कळलं की लग्न, मग सासू, मग अपघात, मग स्मृती जाणे. इथं उलटं आहे. त्याला वाटतंय ती आपली आहे, आणि ती आता कुणाचीच राहिलेली नाही. तो तिच्या मागं फिरतो तसतसं माणूस कोण आणि जनावर कोण असं व्हायला लागतं. दाव्याला बांधलेली होती तोवर तिला त्याची गरज होती. आता नाही. हे कुठल्याच जोडीत मी इतकं उघडं बघितलेलं नाही, आणि यात कोण व्हिलन पण नाही, म्हणजे आहे, पण तो धरण बांधून कधीच निघून गेलाय.

तक्रार आहेच. मधला पाठलाग लांबलाय, मला तिथं चांगला दम लागला. काही जण म्हणतील तो दम लागायलाच पाहिजे, तरीपण थोडं आवळलं असतं तर बिघडलं नसतं. आणि ज्यांना घटनेमागं घटना लागतात, प्रवासात पटकन संपणारं पुस्तक पाहिजे, त्यांनी ही घेऊ नका, अर्ध्यात ठेवाल आणि लेखकाला नावं ठेवाल. कोयना, वारणा खोऱ्यातली ज्यांची माणसं आहेत त्यांनी मात्र घ्या, आणि एकट्यानं वाचू नका, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा. पुस्तकापेक्षा जास्त मटेरियल तिकडनं येतंय.

माझ्याकडनं साडेचार स्टार. अर्धा त्या पाठलागाचा कापला. पुढची त्यांचीच ‘गावठाण’ घ्यायची आहे, ती याच्या बरीच आधीची, 2005 ची. ‘रिंगाण’ची माझी कॉपी सध्या आत्याच्या सुनेकडं आहे, ती रात्री आत्याला वाचून दाखवतीय, नऊच्या सिरियलच्या जाहिराती लागल्या की.