‘अवतार’ची ओळख करून द्यायला कोणता भाग: ‘द स्टॉर्म’ की ‘टेल्स ऑफ बा सिंग से’?

‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या अमेरिकी ॲनिमेशन मालिकेचे (2005–2008) एकूण 61 भाग. नवख्याला एकच दाखवायचा तर अनेक चाहते ‘टेल्स ऑफ बा सिंग से’ पुढे करतात. सहा छोट्या गोष्टी. त्यातली आयरोची कुणालाही रडवते. दिवसभर अनोळखी लोकांना मदत करत फिरणारा म्हातारा संध्याकाळी टेकडीवर, झाडाखाली, युद्धात गेलेल्या मुलाच्या फोटोपुढे गाणं म्हणतो. आयरोला आवाज देणारे माको 2006 मध्ये गेले. ही गोष्ट त्यांनाच अर्पण केली आहे. पण आयरो कोण, हेच ठाऊक नसेल तर अर्धं रडू वाया!

माझं मत ‘द स्टॉर्म’ला, पहिल्या पर्वातला बारावा भाग. मालिकेचा नायक आंग ‘अवतार’ असण्याच्या जबाबदारीला घाबरून पळाला आणि शंभर वर्षं बर्फात अडकला. आंगच्या मागावर असलेला राजपुत्र झुको नवख्या सैनिकांचा बळी देण्याविरुद्ध बोलला, म्हणून सख्ख्या बापानेच त्याचा चेहरा जाळला. दोन्ही भूतकाळ एकाच वादळात आलटून पालटून उलगडतात, आणि आतापर्यंतचा खलनायक एकदम आपला वाटू लागतो. आधीचं फारसं माहीत असावं लागत नाही. मासेमारीचा उपप्रसंग तेवढा रेंगाळतो.