टेक्निक्स एसएल-१२०० एमके२चा टोनआर्म: जुन्या कार्ट्रिजांशी कितपत जमतं?

१९७९ साली आलेल्या या टर्नटेबलच्या मोटरबद्दल वाद नाही, वाद आर्मचा आहे, म्हणजे टोकाला कार्ट्रिज (सुई बसवलेला, आवाज उचलणारा भाग) धरणाऱ्या दांड्याचा. मूळ ७.५ ग्रॅमच्या हेडशेलसकट (कार्ट्रिज जिला स्क्रूने बसतं ती टोकाची पट्टी) त्याचं प्रभावी वस्तुमान, म्हणजे हलताना सुईला जाणवणारं वजन, १२ ग्रॅम. म्हणजे मध्यम. जुनं कार्ट्रिज यावर जमेल की नाही, ते बरंचसं या १२वरच ठरतं.

हिशेब सोपा आहे. आर्मचं वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची बेरीज कॉम्प्लायन्सने (सुईच्या रबराच्या लवचिकतेचा आकडा) गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ला त्याने भागा. उत्तर, म्हणजे आर्म-कार्ट्रिजची जोडी ज्या वारंवारतेला आपोआप डुलते ती, ८ ते १२ हर्ट्झमध्ये यायला हवं. त्याखाली गेलं की तबकडी जरा वाकडी असली तरी आर्म डुलायला लागतो.

डेनॉन डीएल-१०३च्या बाबतीत बरेच जण कॅटलॉगला फसतात. तिथला कॉम्प्लायन्सचा ५ हा आकडा १०० हर्ट्झवरचा आहे. या हिशेबाला लागणाऱ्या १० हर्ट्झला पावणेदोन पट, म्हणजे ९च्या आसपास धरा. कार्ट्रिज ८.५ ग्रॅम, स्क्रू अर्धा ग्रॅम. बेरीज २१, उत्तर ११.६ हर्ट्झ. छान जमतं. मूळपेक्षा ४ ग्रॅम जड हेडशेल लावलं तर १०.६, आणखी बरं. पण मग टोकाशी एकूण २०.५ ग्रॅम होतात आणि मूळ काउंटरवेट (आर्मच्या मागचं तोलाचं वजन) १७.५च्या पुढे तोलत नाही. मागे लावायचं जादा वजन हवंच, आणि जुन्या नगांसोबत नेमकं तेच हरवलेलं असतं.

शुअर व्ही१५ टाइप थ्रीचं गणित उलटं. कार्ट्रिज ६ ग्रॅम, कॉम्प्लायन्स २५ धरलं तरी उत्तर ७.४ हर्ट्झ. हलकं हेडशेल लावू म्हणाल, तर हेडशेलसकट १३.५ ग्रॅमच्या खाली काउंटरवेट आत सरकायला जागाच उरत नाही. या जोडीच्या नादी लागू नये. टाइप फोर चालेल, कारण त्याचा पुढचा ब्रश डुलणं आवरतो. फक्त ब्रश खाली असताना वजनकाट्यावर भार अर्धा ग्रॅम जास्त ठेवा. टाइप थ्री आणि फोर दोन्हींना केबल धरून २५० पिकोफॅरडच्या आसपास किंवा त्याहून जास्त कपॅसिटन्स (विद्युत धारकता) लागतो, टाइप थ्रीला तर ४०० ते ५००.

अर्थात सुईचं रबर कडक झालं असेल तर हे सगळे आकडे कागदावरच. भार बरोबर असूनही तबकडीच्या आतल्या भागात ‘स’, ‘श’ फाटत असतील तर आधी रबरावर संशय घ्या. उलट रबर ढिलं पडलं असेल तर कार्ट्रिजचं पोट तबकडीला टेकायला येतं. पर्यायी सुईचं कॉम्प्लायन्स वेगळंच असतं, तिथे जुना कॅटलॉग कामाचा नाही. टेस्ट रेकॉर्डवर (ठरावीक हर्ट्झचे सूर असलेली तबकडी) कँटिलिव्हर, म्हणजे सुई धरणारी बारीक दांडी, कुठल्या हर्ट्झला थरथरतो ते डोळ्यांनी पाहा, आडवं आणि उभं दोन्ही.

बसवताना हेडशेलच्या कॉलरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिमी ठेवा. भारासाठी काउंटरवेटवरच्या आकड्यांपेक्षा डिजिटल काटा बरा, डीएल-१०३ला २.५ ग्रॅम, व्ही१५ला १च्या आसपास.