‘फॅक्टरी बिल्ट’ रेस कार घेताय? आधी पाईपमध्ये बोट घाला

नाशिकला रॅलीचं वेड जुनं आहे. आता त्या वेडावर हात धुऊन घेणारेही तयार झालेत. माझ्या गळ्यात जी पांढरी फोक्सवॅगन पोलो मारली, ती विकताना पठ्ठ्या म्हणाला, “भाऊ, कंपनीनं कपसाठीच, म्हणजे ट्रॅकवरच्या रेससाठीच बांधलेली. रोडवर कधी चाललीच नाही, म्हणून आरसी नाही.”

यातली मेख अशी की ‘आरसी नाही’ हे पटतं. कंपनीतून थेट ट्रॅकसाठी निघालेल्या गाडीचं पासिंग नसतंच. पण मग तिचं कंपनीचं बिल असतं, स्पर्धांचं लॉगबुक असतं. “कागद चेन्नईला टीमकडे आहेत, कुरिअरनं येतील,” असं सांगून निम्म्याहून जास्त रक्कम रोखीत घेतली. कागद काही आले नाहीत.

गाडी अंबडला एका फॅब्रिकेटर काकांकडे नेली. त्यांनी बेल्ट बांधायच्या आडव्या पाईपचं प्लास्टिकचं बूच काढलं, आत बोट घातलं आणि म्हणाले, “घाल तू पण.” आतून वेल्डची रेघ बोटाला लागत होती. ग्रिल-शेडला वापरतात तो ईआरडब्ल्यू पाईप! केजला, म्हणजे गाडी उलटली तर माणसाला वाचवणाऱ्या आतल्या पाईपच्या पिंजऱ्याला, बिनशिवणीचा, सीमलेस लागतो. एफआयए या मोटारस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या नियमात केजच्या मुख्य कमानीचा पाईप ४५ मिमी व्यासाचा असेल तर जाडी किमान २.५, ५० चा असेल तर २. इथे जेमतेम दीड भरली. वर केजचे पाय थेट फ्लोअरच्या पत्र्यावर, खाली जाड प्लेट नाही. गाडी उलटली असती तर पाय पत्रा फाडून आरपार गेले असते.

मग एकेक बाहेर आलं. मागच्या दारात पॉवर विंडोची वायरिंग टेप गुंडाळून तशीच, म्हणजे मुळात रस्त्यावरचीच गाडी. छताजवळ वेल्डच्या मागे जळका रंग, म्हणजे केज रंगवलेल्या गाडीत नंतर घुसवलेला. सीटवरचं तारखेचं लेबल खरवडलेलं. त्या प्रकारच्या सीटची मुदत ५ वर्षांची असते. चासी नंबर पेठ रोडच्या आरटीओत दाखवला, तर गाडी एमएच १५ चीच, तिसऱ्याच कुणाच्या नावावर, आणि वर बँकेचा बोजा.

रस्त्यावरची गाडी कन्व्हर्ट करण्यात कमीपणा नाही. आपल्याकडे जिप्सीपासून कितीतरी रॅली गाड्या अशाच बनल्या. पाईपचं बिल स्वतःच्या नावावर घ्या, वेल्डिंगला उभे राहा, आणि ती गाडी पुन्हा रोडवर काढू नका, गाडीत मनानं बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. पण कन्व्हर्टेडला फॅक्टरी गाडीचा भाव म्हणजे सरळ लूट आहे.

तक्रार दिली आहे. आता ४२० नाही, न्याय संहितेचं ३१८ लागतं. पैसे अडकलेलेच आहेत, आणि तोच माणूस आता लाल रंगाची एक ‘कप कार’ विकतोय. आरसी नाही म्हणे.