कंपवातासाठी दंडावरचं बीपी मशीन: उभं राहिल्यावर कितपत कामाचं?

बसून बीपी १३०/८०, आणि उठताच डोळ्यांपुढे अंधारी. कंपवातात (पार्किन्सन) हे सर्रास दिसतं. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना जाणाऱ्या सिम्पथेटिक नसा (बीपी आपोआप सांभाळणाऱ्या) झिजल्यामुळे उभं राहिल्यावर वाहिन्या आवळल्या जात नाहीत, नाडीही पुरेशी वाढत नाही. त्यात लेवोडोपा या कंपवाताच्या गोळीने बीपी आणखी उतरू शकतं. म्हणून मशीन घेताना पाहायचं ते हेच, की उभ्या माणसाचं बीपी ते नीट धरतं का.

दंडावरचं स्वयंचलित मशीन धरतं, पण वापर जमला पाहिजे. पाच मिनिटं आडवं पडून एक रीडिंग, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. शेजारी कुणीतरी हवंच. चक्कर आली तर आकडा गेला खड्ड्यात, आधी बसवा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर नोंद डॉक्टरांना दाखवा, नाडीसकट. बीपी ३० ने घसरून नाडी जेमतेम ५ ने वाढली, तर संशय नसांवर जातो.

‘तीन रीडिंगची सरासरी’ ही मिरवायची सोय इथे नडते, कारण पहिल्या मिनिटातली घसरण सरासरीत बुडते. ती बंद करता येत नसेल तर ते मॉडेल नकोच. दोन जणांची रीडिंग वेगवेगळी साठवणारी मेमरी मात्र झकास: एकीत आडवं, दुसरीत उभं.

खरी कटकट थरथरीची. मशीन पट्ट्यातल्या हवेची बारीक स्पंदनं मोजतं. त्यात कंप मिसळला की पट्टा पुन्हा फुगतो किंवा एरर येते, आणि तोवर नेमकं मिनिट हुकतं. कमी थरथरणारा हात घ्या. हात लोंबकळत ठेवलात तर आकडा वाढीव येतो, घसरण झाकली जाते. हाताला आधार देऊन पट्टा हृदयाच्या पातळीला ठेवा. अनियमित ठोक्यांचं चिन्हही कंपामुळे उगाच उमटू शकतं, पण वारंवार दिसलं तर ईसीजी काढून घ्यावा.

सोबतचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंमी घेराचा असतो. वजन उतरून दंड बारीक झाला असेल तर लहान पट्टा मागवा. मोठा पट्टा आकडा कमी दाखवतो. मनगटावरचं मशीन टाळा.

जेवणानंतरच्या दोन तासांत आणि लेवोडोपाच्या गोळीनंतर तासाभराने एकेकदा मोजा. रात्री आडवं पडूनही मोजा: दिवसा कोसळणारं बीपी तेव्हा १४०/९० च्या वर गेलेलं सापडू शकतं, आणि उभं राहिल्यावरचं बीपी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिची वेळ ठरवायला डॉक्टरांना हाच आकडा लागतो.