बीबी का मकबरा : बागेपासून सुरू होणारी पायी सहल

छत्रपती संभाजीनगरात बीबी का मकबरा दाखवणाऱ्या बहुतेक सहली दरवाज्यातून थेट घुमटाकडे नेतात, ताजमहालाशी तुलना करतात आणि छायाचित्रे काढून झाली की पाणचक्कीकडे वळतात. स्थानिक अभ्यासकांच्या एका लहान गटाची सकाळची पायी सहल मात्र बागेलाच मुख्य विषय मानते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

सुरुवात मुख्य दरवाज्यापाशी होते. लाकडी दारावर पितळेचा पत्रा मढवलेला असून त्यावर पानाफुलांची उठावदार नक्षी आहे, आणि तिथेच कोरलेल्या लेखात वास्तुकार अताउल्ला व अभियंता हंसपतराय यांची नावे आहेत. आत गेल्यावर जवळपास ४५८ मीटर लांब व २७५ मीटर रुंद आवाराची चार भागांतील मांडणी, म्हणजे चारबाग, समजावून सांगितली जाते. ही मांडणी स्वर्गाच्या बागेची प्रतिकृती मानली जाते : कुराणाच्या सत्तेचाळिसाव्या सुऱ्यात (अध्यायात) पाणी, दूध, मद्य आणि मध यांच्या नद्या स्वर्गात वाहतात. बायबलमधील एदेन बागेतून निघणारी नदीही चार प्रवाहांत विभागते. मार्गदर्शकांनी याच्या शेजारी इंद्राचे नंदनवन ठेवले, परंतु सगळे एकच आहे असे सांगून विषय गुंडाळला नाही. आपल्या पुराणांतील स्वर्गीय बागेत महत्त्व वृक्षाला आहे : समुद्रमंथनातून निघालेला पारिजातक, जो कृष्णाने सत्यभामेसाठी आणला, आणि इच्छा पुरवणारा कल्पवृक्ष. पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशांत घडलेल्या कल्पनेत मात्र सर्वांत मोठे सुख वाहत्या पाण्याचे आहे. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले, तेथील माणसाला ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही, असे मला मनापासून वाटते.

घुमटाखालील भागही या विवेचनामुळे वेगळा दिसतो. हा मकबरा जिच्यासाठी बांधला गेला त्या, १६५७ साली निधन पावलेल्या औरंगजेबाच्या पत्नी दिलरस बानू बेगमची कबर खालच्या पातळीवर, अष्टकोनी संगमरवरी जाळीच्या आत आहे आणि ती वरच्या सज्जातून पाहावी लागते. ताजमहाल बागेच्या एका टोकाला, नदीकाठी आहे. येथे समाधी बागेच्या मधोमध आहे, त्यामुळे स्वर्गाचा नकाशा आणि त्यात विसावलेली व्यक्ती यांचा संबंध येथे अधिक थेटपणे जाणवतो. मकबऱ्याला नुसती नक्कल म्हणून हिणवणाऱ्यांनी हा फरक अवश्य पाहावा.

उणिवाही सांगायला हव्यात. सहल ठरल्या वेळेपेक्षा बरीच उशिरा निघाली, आणि उन्हामुळे शेवटचा भाग घाईत आटोपावा लागला. बागेचा साधा छापील नकाशाही दिला गेला नाही. सर्वांत खटकले ते पाण्याबद्दलचे मौन. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या प्रारंभी ज्या शहरासाठी नहर-ए-अंबरी ही भूमिगत पाणीपुरवठा व्यवस्था उभारली, त्या शहरात स्वर्गातील नद्यांविषयी बोलताना जमिनीवरच्या पाण्याची व्यवस्थाही सांगितली गेलीच पाहिजे.

शुल्क माफक आहे. प्रवेशाचे तिकीट मात्र वेगळे काढावे लागते. शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलांना आणि पुराणकथांची आवड असणाऱ्यांना ही सहल निश्चित आवडेल. नोंदणी करताना निघण्याची वेळ पुन्हा एकदा विचारून घ्यावी आणि उन्हाळ्याऐवजी हिवाळ्यातील तारीख निवडावी.