ट्रॉमासाठी सोमॅटिक थेरपी की ईएमडीआर?
अपघातानंतर लोकलची गर्दी दिसली तरी मैत्रिणीच्या छातीत धडधडतं, तिने विचारलं, शरीराच्या जाणिवांवर काम करणारी सोमॅटिक थेरपी की डोळ्यांच्या हालचाली वापरणारी ईएमडीआर, दोन्हीपैकी काय करू.

बोलायचं किती? सोमॅटिक एक्सपिरियन्सिंगमध्ये (सोमॅटिक थेरपीचा एक प्रकार, थेरपिस्ट पीटर लेव्हीनची पद्धत) सगळी घटना सांगायची गरज नाही, अंग कुठे आवळतंय, श्वास कुठे अडकतोय हे हळूहळू बघायचं आणि जास्त झालं की थांबायचं. ईएमडीआरमध्ये मात्र नेमकी आठवण मनात धरून डोळे डावीउजवीकडे फिरवायचे, तपशील फार बोलावा लागत नाही पण आठवणीला भिडावं लागतंच.

पुराव्यात ईएमडीआर सरळ पुढे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी (धक्कादायक घटनेनंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) सुचवलीये, सोमॅटिकवर अभ्यास कमीच. खर्च? मुंबईत दोन्ही महागच, सायकॉलॉजिस्टचं ट्रेनिंग आधी विचारा.

एकाच घटनेचा फ्लॅशबॅक (ती पुन्हा घडतेय असं वाटणं) असेल तर ईएमडीआर. आठवणीजवळ जाताच अंग सुन्न पडत असेल तर आधी सोमॅटिक.