आयातशुल्कातील सूट: लहान कारखानदाराने कोणती वाट धरावी?

उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडे नोंदणी) झाली की आयातीवरील सीमाशुल्कातही सवलत मिळते, असा समज बाळगून अनेकजण हिशेब मांडतात आणि माल न्हावा शेवा बंदरात उतरल्यावर अडचणीत येतात. आपल्याकडे ही सूट उद्योगाच्या आकारावर अवलंबून नाही. आणलेल्या मालाचे पुढे काय होणार, यावर ती ठरते. म्हणून निवड करायची आहे ती योजनांमध्ये.

शिरोली एमआयडीसीतील पंधरा-वीस कामगारांचे एक मशीन शॉप परदेशी मिश्रधातूचे बार आणून पंपाचे शाफ्ट निर्यात करते, असे धरू. कच्च्या मालासाठी त्याच्यापुढे मुख्यतः दोन पर्याय येतात. अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशन (निर्यातीच्या मालासाठी लागणारा कच्चा माल शुल्काविना आणण्याचा परवाना) घेतले तर मूळ सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) दोन्ही भरावे लागत नाहीत, त्यामुळे खेळते भांडवल मोकळे राहते. मात्र साधारणपणे 12 महिन्यांत आयात आणि 18 महिन्यांत निर्यात पूर्ण करावी लागते, किमान 15 टक्के मूल्यवर्धन (निर्यातीची किंमत आयातीच्या किमतीपेक्षा तितकी जास्त) दाखवावे लागते आणि तो माल दुसऱ्याला विकता येत नाही. चौदाव्या महिन्यात परदेशी ग्राहकाने ऑर्डर रद्द केली आणि दुसरा ग्राहक मिळाला नाही, तर वाचवलेले शुल्क वार्षिक 15 टक्के व्याजासह भरावे लागते, आणि हे व्याज माल सोडवल्या दिवसापासून मोजले जाते. शिवाय एका शाफ्टमागे किती बार लागतो, याचे प्रमाण आधी ठरलेले नसेल तर आपण दाखवलेले प्रमाण विदेश व्यापार महासंचालनालयाची समिती नंतर कमी करू शकते. लेथखाली पडणारा चुरा कोणी वजन करून वहीत लिहिला नसेल, तर त्या वेळी बोलायला पुरावाच उरत नाही.

ड्यूटी ड्रॉबॅकमध्ये क्रम उलटा आहे. शुल्क आधी भरायचे आणि निर्यातीनंतर ठरलेल्या दराने रक्कम बँक खात्यात परत घ्यायची. निर्यात झालीच नाही तर परतावा मिळत नाही, पण दंड किंवा व्याजही लागत नाही. आयजीएसटीची वजावट जीएसटीच्या हिशेबात मिळते. उणीव अशी की परताव्याचा दर संपूर्ण उद्योगाच्या सरासरीवर काढलेला असतो. ज्याचा जवळजवळ सगळा कच्चा माल आयात केलेला आहे, त्याला भरलेल्यापेक्षा कमी मिळण्याची शक्यता असते, आणि फरक हवा असेल तर ब्रँड रेटसाठी (आपण प्रत्यक्ष भरलेल्या शुल्कावरून ठरणाऱ्या दरासाठी) कागदपत्रांसह वेगळा अर्ज करावा लागतो. तरीही पहिल्या-दुसऱ्या ऑर्डरसाठी मी ड्रॉबॅकच सुचवीन. तोच ग्राहक वर्षभर पुन्हा पुन्हा माल घेऊ लागला की ऑथरायझेशनकडे वळावे.

यंत्रसामग्रीचा प्रश्न वेगळा आहे. ईपीसीजी या निर्यातदारांसाठीच्या यंत्र-आयात योजनेत यंत्र शुल्काविना येते, पण वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करावी लागते. 5 लाख रुपये वाचले तर निर्यात 30 लाखांची, आणि तीही निम्मी पहिल्या चार वर्षांतच. मागील तीन वर्षांची सरासरी निर्यात राखून त्यावर ही भर घालायची असते, हे अर्ज करताना सहज नजरेआड होते. ज्याची मागची वर्षे विशेष चांगली गेली, त्याच्यावरच हे ओझे अधिक पडते. वापरलेली यंत्रे या योजनेत बसत नाहीत, म्हणून जुने शटललेस माग आणणाऱ्या इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला ती उपयोगाची नाही.

त्याने सीमाशुल्क कायद्याच्या कलम 65 खालील बंधित गोदामाची (आयात माल शुल्क न भरता ठेवण्याच्या गोदामाची) वाट धरावी. तेथे कारखानाच गोदाम मानला जातो आणि यंत्र व कच्चा माल या दोहोंवरचे शुल्क पुढे ढकलले जाते. निर्यातीचे बंधन नाही, व्याज नाही. देशात विकलेल्या मालातील आयात भागावर मात्र विक्रीच्या वेळी शुल्क भरावे लागते, आणि यंत्र बाहेर काढताना ते जुने झाले म्हणून घसारा धरला जात नाही. शुल्काच्या तिप्पट रकमेचा बाँड (हमीपत्र) आणि दरमहा विवरणपत्र हे सारे सांभाळायला हिशेबाचे स्वतंत्र माणूस हवे. घरचेच कोणीतरी संध्याकाळी वह्या लिहीत असेल, तर ही वाट तूर्त टाळावी.

ऑथरायझेशन किंवा ईपीसीजी घेतलेच, तर त्याचा क्रमांक प्रत्येक शिपिंग बिलावर (निर्यातीसाठी सीमाशुल्क खात्याकडे भरायच्या कागदावर) आहे की नाही, हे कंटेनर निघण्यापूर्वी कस्टम ब्रोकरकडून स्वतः तपासून घ्यावे. क्रमांक नसलेली निर्यात प्रत्यक्षात झालेली असूनही बंधनाच्या हिशेबात धरली जात नाही.